निरोपाचे वजन
(तृतीय वर्ष कला)

गेल्या वर्षी श्रावणात आमची आजी परसदारी शेवाळावरून घसरून पडली. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. बाबांनी तिला शेजाऱ्यांच्या गाडीत घालून दापोलीस नेले आणि तेथून चिपळूणला हलवावे लागले. खुब्याचे हाड मोडले होते. घरातून निघण्यापूर्वी बाबांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकली : ‘आई पडली आहे, दवाखान्यात नेतो आहे.’ या ग्रुपवर आम्ही एकवीस माणसे आहोत. त्यांत डोंबिवलीचे काकाही आले.

ग्रुपवरील निरोप कोणी वाचला, किती वाजता वाचला, हे टाकणाऱ्याला पाहता येते. काकांचे नाव अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी वाचणाऱ्यांच्या यादीत चढलेले बाबांनी पाहिले. आता फोन येईल म्हणून ते रात्रभर वाट पाहत राहिले. फोन आला नाही. सकाळी आठ वाजता आत्याने काकांना फोन केला, तेव्हा कुठे त्यांना कळले. रात्री त्यांचा मोबाईल धाकट्या मुलाच्या हाती होता. तो व्हिडिओ पाहत होता, मध्येच ग्रुप उघडला गेला आणि त्याने तो बंद केला. तोपर्यंत पहाटेची गाडी गेलेली. काका पोचले तेव्हा शस्त्रक्रियेच्या कागदावर बाबांनी एकट्यानेच सही केलेली होती. ‘वाचूनही गप्प बसलास’ असे बाबा म्हणाले आणि ‘फोन का नाही केलास’ असे काका म्हणाले. त्यानंतर दोन महिने सख्ख्या भावांत बोलणे नव्हते.

आजीने हा सगळा प्रकार अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकला आणि विचारले, “मग तार का नाय केलीत?”

आम्ही हसलो. तार बंद होऊन दशक उलटले; १४ जुलै २०१३ हा तार स्वीकारण्याचा अखेरचा दिवस होता. परंतु हसून झाल्यावर आजीचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. ती जुन्या काळचे काहीतरी बोलली असे आम्ही धरले होते. वस्तुतः तिने नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले होते. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

जुन्या टपालाची व्यवस्था आठवून पाहा. १ जुलै १८७९ रोजी आपल्याकडे पोस्टकार्ड निघाले, त्या वेळी त्याची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा होती. उघडे कार्ड ते, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचावे. म्हणून त्यावर क्षेमकुशल लिहावयाचे. घरातले जरा आतले बोलणे असेल तर आंतर्देशीय पत्र, कोर्टकचेरीचे असेल तर रजिस्टर आणि त्याला जोडलेली पोचपावती. आणि माणूस अत्यवस्थ असेल, गेला असेल, किंवा नोकरीचा हुकूम आला असेल तर तार. तारेला शब्दावर पैसे पडत, आणि घाई अधिक असेल तर अधिक दराने पाठवावी लागे. त्यामुळे तार आणणारा शिपाई वळणावर दिसला तरी घरातल्या बायकांच्या पोटात गोळा येई. मजकूर वाचावयाच्या आधीच निरोपाचे वजन कळलेले असे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकू लागलेले असे, तेही याच जातीचे. निरोप किती जड आहे हे त्याच्या वेषावरून ओळखू येई, आणि तो वेष पाठविणाऱ्याने पैसे मोजून घेतलेला असे.

आमच्या आजोबांनी परळच्या एका गिरणीत बावीस वर्षे काढली. दर महिन्याला ते मनीऑर्डर करीत. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असे आणि त्यावर चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. आजीने ती कुपने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहेत. ‘पैसे पोचताच कळविणे. गाईस पेंड घेणे. मुलांस शाळेत पाठविणे.’ एवढाच मजकूर. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांतच डब्यातली कुपने संपतात. पुढे नुसती पोस्टकार्डे आहेत. त्या कार्डांवर आजोबांनी पैशांबद्दल अवाक्षर लिहिलेले नाही. पण कुपनाऐवजी कार्ड आले यातच आजीला काय ते समजले. मी ती कार्डे वाचली तेव्हा मला एकाही वाक्यात हलाखी सापडली नाही, आणि आजीला मात्र ती पहिल्या दृष्टीस दिसली होती.

मायन्याचेही तसेच. ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘सप्रेम नमस्कार’, ‘वि. वि.’ ही आम्हां विद्यार्थ्यांना परीक्षेपुरती पाठ करावयाची शब्दावली वाटते. परंतु लिहिणारा कोण, वाचणारा कोण आणि दोघांत अंतर किती, हे ती पहिल्याच ओळीत ठरवून टाकी. आज प्राध्यापकांना सुट्टीचा अर्ज पाठविताना आणि मैत्रिणीला चहाला बोलावताना आमची बोटे एकाच चौकटीत चालतात. ‘सर उद्या येणार नाही’ असा मजकूर गुरुजनांना उद्धट वाटला तर त्यात विद्यार्थ्याचा उद्धटपणा थोडा आणि चौकटीचा दोष बराच, असे माझे मत आहे. (आमच्या वर्गशिक्षकांना ते मान्य नाही.)

नव्या साधनांचा इतिहास फार मोठा नाही. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप धाडला. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत शेजारी शेजारी होती आणि पहिला मजकूर काय होता हे पुढे खुद्द त्यालाही आठवेना. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये घालावयास त्याने ‘ॲट’चे चिन्ह निवडले; ते आज पोराटोरांना ठाऊक आहे. १९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याने मोबाईलवरील निरोप किती अक्षरांचा असावा याचा विचार मांडला. टंकयंत्रावर तो सुचतील ती वाक्ये टंकीत बसला आणि अक्षरे मोजीत गेला. बहुतेक वाक्ये १६० अक्षरांच्या आत संपली. पोस्टकार्डावरचे मजकूरही साधारण तेवढ्यातच आटोपतात, हा त्याला एक पुरावाच मिळाला. तेव्हा एसएमएसची १६० अक्षरांची मर्यादा ठरताना पोस्टकार्ड साक्षीला होते, असे म्हणावयास हरकत नाही. असा पहिला निरोप इंग्लंडात ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. भारतात १९९५ सालच्या ३१ जुलैला पहिले मोबाईल संभाषण झाले आणि पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्टला, इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. व्हॉट्सॲप २००९ चे.

या साधनांनी काय दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या तालुक्यावरून गेले. मोबाईलचे मनोरे आडवे झाले, वीज गेली, आणि मुंबईच्या माणसांना घरचे जिवंत आहेत की नाहीत हे कळेना. पाचव्या दिवशी वाडीतला एक मुलगा सड्यावर दूर जाऊन, जेथे थोडी रेंज मिळत होती तेथून, वाडीतल्या प्रत्येक घराचा निरोप एकेका ओळीत पाठवून आला. त्याच्याजवळ वहीच्या पानावर यादी होती. त्या दिवशी आमच्या घराच्या वाट्याला ‘घर गेले, माणसे ठीक’ एवढी ओळ आली आणि डोंबिवलीला काका ती वाचून रडले. तेव्हा साधन तेच होते, पण बॅटरी थोडी आणि चढ मोठा असल्यामुळे निरोपाला वजन आले होते.

एरव्ही ते येत नाही. याचे कारण असे की सर्व निरोप आता एकाच दारातून, एकाच वेषात आणि एकाच घंटीने येतात, आणि पाठविणाऱ्याला जवळजवळ काहीच पडत नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर रोज वीस-पंचवीस ‘शुभ सकाळ’ येतात. फुले, देव, सूर्योदय. म्हणून अर्ध्या लोकांनी ग्रुपची घंटी बंद करून ठेवली आहे. ‘आई पडली आहे’ ही ओळ त्या फुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पूर्वी तारेची किंमत जे काम करीत असे, निरोपांची जड आणि हलके अशी निवड, ते काम आता घेणाऱ्याच्या डोक्यावर आले आहे. आणि घेणारा झोपेत असू शकतो, कामात असू शकतो, त्याचा मोबाईल मुलाच्या हाती असू शकतो.

शुभ सकाळपेक्षा याची काळी बाजू पाहावयाची तर धुळे जिल्ह्याकडे पाहावे लागते. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ती भिक्षुकी करीत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती. अफवा आधीपासून मोबाईलवरून पसरत होती. अफवा पूर्वीही होत्या. परंतु तोंडी अफवा सांगणाऱ्याला निदान स्वतःच्या तोंडाने सांगावी लागे, आणि ऐकणारा ‘तुला कोणी सांगितले?’ असे विचारू शके. पुढे ढकललेल्या निरोपाला सांगणाराच नसतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल असे बंधन घातले, पुढे ढकललेल्या मजकुरावर तशी खूण येऊ लागली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल असे केले. एका अर्थी कंपनीने टपालाचे तिकीट पुन्हा चिकटविले. किंमत पैशांत नव्हे, श्रमांत. आपल्याकडे दोन बाणांची खूण असलेला मजकूर आला तर तो बऱ्याच हातांतून आलेला आहे आणि मूळ हात कोणाचा ते आपल्याला ठाऊक नाही, एवढे तरी ओळखावे.

आता नोकरीकडे वळू. माझी आई अंगणवाडी सेविका आहे. तिच्या मोबाईलवर कामाचे सात ग्रुप आहेत. अंगणवाडी दुपारी मिटते. ग्रुप मिटत नाहीत. रात्री साडेनऊला ‘उद्या सकाळी दहापर्यंत माहिती पाठवा’ असा हुकूम येतो. लगेच खाली ‘हो मॅडम’, ‘हो मॅडम’ अशी रांग लागते, आणि ज्या बाईचा ‘हो’ आला नाही तिचे नाव दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष येते. आई भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने ‘हो मॅडम’ लिहिते.

यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत असे मला वाटते. पहिली पत्त्याची. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे सहा आकडी पिनकोड आला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित असलेल्या अधिकाऱ्याने योजिला. पत्ता नावाची गोष्ट तोपर्यंत आणि त्यानंतरही जागेची होती. कचेरीचा पत्ता निराळा आणि घराचा निराळा. कचेरीचे पत्र घरी येत नसे. आलेच तर त्यात काहीतरी विशेष आहे हे सर्वांना समजे. मोबाईलचा पत्ता माणसाच्या खिशात असतो, म्हणून कचेरी आणि चूल यांना आता एकच दार उरले.

दुसरी गोष्ट नोंदीची. सरकारी पत्राला जावक क्रमांक असतो, तारीख असते, सही असते, खाली ‘प्रत माहितीसाठी सादर’ म्हणून नावे असतात. इ-मेलने निदान हा संस्कार टिकविला आहे. त्यात विषयाची ओळ असते, आणि सीसी म्हणजे कार्बन घालून काढलेल्या जुन्या प्रतीचेच नाव. व्हॉट्सॲपवरील हुकूम मात्र तोंडी आहे की लेखी, हेच ठरत नाही. पाळावयाचा तेव्हा तो लेखी असतो, आणि चूक झाली तर ‘मी तसे म्हटले नव्हते’ म्हणावयास मोकळा. २०२१ साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाईल चालत नाहीत आणि माहिती भरावयाचे ॲप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. त्या वादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु साधन हाती दिले की काम सोपे झाले, असे मानणाऱ्यांनी त्या बायकांचे म्हणणे ऐकावे असे वाटते.

कामाच्या वेळेबाहेर उत्तर न देण्याचा हक्क ही कल्पना काही देशांनी कायद्यात आणली आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना याबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामगाराला वेळेबाहेरच्या अवाजवी संपर्काला नकार देता येतो. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत असे खाजगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. उद्या झाला तरी तो पगारी नोकराला लागू पडेल. मानधनावर काम करणाऱ्या माझ्या आईच्या साडेनऊच्या घंटीचे काय, हा प्रश्न राहीलच.

आता निळ्या खुणांविषयी, कारण आमच्या घरचा अबोला त्यांच्यामुळेच झाला. जुन्या पोचपावतीला वेगळे पैसे पडत, आणि तीही पत्र हाती पडले एवढेच सांगे. नोव्हेंबर २०१४ पासून व्हॉट्सॲपवर वाचल्याची निळी खूण आली, फुकट आणि प्रत्येक ओळीला. २०१८ मध्ये एका बँक-कार्डाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सॲपवरून पाठविलेली नोटीस बजावली गेली असे मानले. ती पोचली आणि उघडलीही गेली हे खुणांवरून दिसत होते. न्यायालयापुढील प्रकरणात ते योग्यच असेल. घरात मात्र या पुराव्याने घात केला. खूण एवढेच सांगते की त्या मोबाईलवर तो मजकूर उघडला गेला. कोणी उघडला, त्याला तो कळला का, आणि कळूनही तो का बोलला नाही, हे खूण सांगत नाही. पूर्वी उत्तर आले नाही तर दोष टपालावर जाई, आणि नाती वाचत. आता मध्ये टपालच नाही, म्हणून प्रत्येक विलंबाला माणूस जबाबदार धरला जातो. एकास एक संभाषणात ही खूण बंद करता येते. ग्रुपवर ती बंद होत नाही.

मग करावयाचे काय? मोबाईल फेकून देण्याचा उपदेश मी करणार नाही; माझा अर्धा अभ्यास त्यावर होतो. आम्ही घरी जे केले ते सांगते. तातडीचा निरोप ग्रुपवर टाकावयाचा नाही. टाकला तरी त्याला कळविले असे समजावयाचे नाही. ज्याला कळवावयाचे त्याला फोन करावयाचा, आणि त्याने ‘कळले’ असे तोंडाने म्हटले म्हणजेच ते कळले. काका रात्री मोबाईलची घंटी बंद ठेवतात, कारण त्यांची सकाळची पाळी असते. परंतु बहुतेक मोबाईलमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’च्या खाली एक सोय असते, तिचा बहुतेकांना पत्ता नसतो. त्याच क्रमांकावरून थोड्या वेळात, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत, पुन्हा फोन आला तर तो शांततेतही वाजू द्यावा, असे तेथे ठरवून ठेवता येते. शिवाय निवडक माणसांचे फोन नेहमीच वाजू देता येतात. मी दिवाळीत डोंबिवलीस गेले तेव्हा काकांच्या मोबाईलवर हे दोन्ही करून दिले.

आईसाठी करता येण्यासारखे फार नव्हते. सात ग्रुपांना एक निराळी घंटी लावली, घरच्या माणसांना दुसरी. निदान पिठाचा हात कोणासाठी पुसावयाचा हे तिला कळते. रात्रीचा हुकूम आला की ती आता ‘हो मॅडम’बरोबर आणखी एक ओळ लिहिते : ‘अमुक तारखेस रात्री साडेनऊला मिळालेल्या सूचनेप्रमाणे माहिती उद्या पाठविते.’ ही युक्ती एका निवृत्त कारकुनाने सांगितली. हा तिचा आवक क्रमांक. दोनदा त्याचा उपयोग झाला आहे.

आम्ही विद्यार्थ्यांनीही निरोप लिहिताना थोडे कष्ट घ्यावयास हरकत नाही. सरांना लिहिताना नाव, वर्ग आणि काय हवे ते पहिल्या ओळीत यावे. नुसते ‘सर’ लिहून उत्तराची वाट पाहत बसणे म्हणजे दार वाजवून न बोलता उभे राहणे होय. सबमिशनची तारीख बदलली तर ‘उद्या’ न लिहिता तारीख लिहावी, कारण तो निरोप कोणी परवा वाचील. आणि भांडण लिहून करू नये. बाबा व काका यांचा अबोला दोन महिने टिकला तो लिहिलेल्या चार ओळींवर. शेवटी काका दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी समोर आले, खाटेशी बसले, आणि दहा मिनिटांत तो मिटला. मुलाने मोबाईल घेतल्याची गोष्ट बाबांनी तेव्हा प्रथमच नीट ऐकली.

आजी आता काठी घेऊन अंगणापर्यंत येते. तिने दोनदा फोन वाजविण्याच्या आमच्या युक्तीला ‘तार’ असेच नाव दिले आहे. परवा तिने मला काकांना निरोप लिहावयास सांगितला. कुळथाची पिठी एसटीतून येणाऱ्या शेजाऱ्याबरोबर पाठवली आहे, उतरवून घे, एवढाच. मी तो टंकू लागले तशी म्हणाली, “याला तार नको. साधे कार्ड टाक. वर आशीर्वाद लिही, आणि खाली तारीख घाल.” तारीख मोबाईल आपोआप घालतो असे मी सांगून पाहिले. तिला ते पटले नाही. मी तारीख घातली.